‘लाइन’ : एका धाग्याची लांबण



आपल्याकडे इंग्रजी शब्द पाठ करण्याची एक जुनी रीत आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. एका शब्दासमोर एक अर्थ. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या वह्या अशाच असतात. त्या वहीला मी नावे ठेवणार नाही. माझेही इंग्रजी तिच्याच आधारावर उभे राहिले. पण बी.ए.च्या वर्गाला इंग्रजी शिकवताना दरवर्षी एक गोष्ट दिसते. विद्यार्थ्याला उताऱ्यातले बहुतेक सगळे शब्द ठाऊक असतात आणि उतारा मात्र कळत नाही. याचे कारण असे, की अनोळखी शब्द आपल्याला फसवत नाही. तो दिसला की माणूस सावध होतो, कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. ‘हा तर मला येतो’ म्हणून आपण पुढे जातो आणि वाक्य मागेच राहते.

मागे एका वर्गात मी ‘लाइन’ या साध्या शब्दाची पाच-सहा वाक्ये फळ्यावर लिहिली. कोळ्याने पाण्यात लाइन टाकली. नट आपली लाइन विसरला. तिने ओले कपडे लाइनवर घातले. तो एका जुन्या राजघराण्याच्या लाइनमधला आहे. तुमची लाइन कोणती? सवड मिळाली की मला एक लाइन टाक. अर्थ विचारल्यावर एका विद्यार्थ्याने उभे राहून मोठ्या धीराने भाषांतर केले : ‘तिने ओले कपडे रेघेवर वाळत घातले.’ वर्ग हसला आणि तो बिचारा खाली मान घालून बसला. वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याच्या वहीत लाइन म्हणजे रेघ एवढेच लिहिलेले होते आणि वहीशी तो प्रामाणिक राहिला होता. तास संपल्यावर त्याने मला विचारले, ‘सर, मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता?’ हा प्रश्न हसणाऱ्या कोणालाच सुचला नव्हता. त्याचे उत्तर व्हरांड्यात उभ्याउभ्या देता येण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. अर्थांच्या संख्येत ‘लाइन’चा पहिला नंबर लागत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तरीही मी ‘लाइन’ निवडतो. कारण हा शब्द इंग्रजांच्या घरात जितका राबतो तितकाच आपल्याही घरात राबतो, आणि त्याचे मूळ तर आपल्या स्वयंपाकघरात सापडते.

ते मूळ म्हणजे जवस. हो, विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात तेच जवस. कोणी त्याला अळशी म्हणतात. लॅटिन भाषेत या झाडाचे नाव ‘लिनुम’. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव आजही ‘लिनुम उसिटाटिस्सिमुम’ असे आहे. त्यातल्या दुसऱ्या लांबलचक शब्दाचा अर्थ ‘अतिशय उपयोगी’. आपण या झाडाचे बी वापरतो, युरोपने त्याबरोबर खोडही वापरले. खोडातून निघणाऱ्या चिवट तंतूंचे सूत काढून जे कापड विणतात ते लिनन. जवसाच्या बियांचे तेल ते लिनसीड ऑइल. त्या तेलापासून केलेला जमिनीवर अंथरायचा पत्रा ते लिनोलियम. या बिया टिपून खाणाऱ्या एका चिमुकल्या पाखराला इंग्रजीत लिनेट म्हणतात. आणि जवसाच्या सुताचा धागा म्हणजे लॅटिनमधला ‘लिनेआ’. हाच आपला ‘लाइन’चा पूर्वज.

तेव्हा ‘खरा अर्थ कोणता’ याचे पहिले उत्तर असे, की लाइन म्हणजे रेघ नव्हे, लाइन म्हणजे धागा. रेघ नंतर आली. हे एकदा ध्यानात धरले की पुढचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत. ते एकातून एक उलगडत जातात.

धाग्याने माणूस काय काय करतो ते पाहा. पहिली गोष्ट, तो बांधतो आणि ओढतो. म्हणून कोळ्याच्या गळाची दोरी ही लाइन, कपडे वाळत घालायची दोरीही लाइन, आणि जहाजावरच्या अनेक दोरांनाही खलाशी लाइनच म्हणतात. बुडणाऱ्याकडे फेकायचा दोर तो लाइफलाइन. मुंबईच्या लोकलला आपण ‘लाइफलाइन’ म्हणतो तेव्हा गर्दीत हात वर करून दांडी धरलेला माणूस खरोखरच दोराला लोंबकळल्यासारखा दिसतो, हा योगायोगच म्हणायचा.

दुसरी गोष्ट, तो धागा ताणतो. ताणलेला धागा सरळ होतो. भिंत बांधताना गवंडी दोन टोकांना दोरी ताणून विटांचा थर लावतो, ते याचसाठी. पायाच्या आखणीला आपल्याकडचे गवंडी आणि ठेकेदार ‘लाइनआउट’ म्हणतात. तिथे दोरी आणि फक्की दोन्ही एकदम दिसतात. दोरी काढून घेतली तरी फक्कीची खूण जमिनीवर राहते. धाग्याची रेघ झाली ती अशी. युक्लिडने रेषेची व्याख्या केली ती ‘रुंदी नसलेली लांबी’ अशी. अशी रेषा कागदावर कोणालाच काढता येत नाही. पण ताणलेल्या धाग्याकडे पाहिले की तिची थोडीफार कल्पना येते.

रेघेवरून पुढे माणसे, झाडे, घरे रेघेत उभी राहिली, की रांग झाली. छावणीतले तंबू आणि बराकी ओळीने असत, म्हणून लष्करी वस्तीला ‘लाइन्स’ म्हणू लागले. इंग्रज गेले तरी नागपूरची सिव्हिल लाइन्स आणि गावोगावच्या पोलीस लाइनी राहिल्या. पोलीस लाइनीत लहानाचा मोठा झालेला मुलगा स्वतःला ‘लाइनबॉय’ म्हणवतो, तेव्हा त्या शब्दात पत्ता असतो आणि थोडा अभिमानही असतो.

कागदावरची अक्षरांची रांग म्हणजे ओळ. कवितेची ओळ ती लाइन, नटाचे पाठ केलेले वाक्यही लाइन. ‘एक लाइन टाक’ म्हणजे चार ओळींचे पत्र पाठव. अक्षरांची पूर्ण ओळ एकदम ओतणाऱ्या छपाईयंत्राचे नाव लायनोटाइप. १८८६ साली ते न्यूयॉर्कच्या एका दैनिकात प्रथम चालू झाले. दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत लिहिणाऱ्याने न लिहिलेले जे असते ते वाचणे, याला इंग्रजीत ‘लाइनींच्या मधले वाचणे’ म्हणतात.

तिसरी गोष्ट, धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणारा मार्ग ही लाइन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि हा अर्थ आपल्या भूमीवर उतरला. आज मुंबईत दोन अनोळखी माणसे भेटली की नावानंतरचा प्रश्न ‘कुठल्या लाइनला राहता?’ हा असतो. सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर, यावर पुढचे संभाषण ठरते. ठरावीक मार्गाने जाणारे मोठे जहाज ते लायनर, विमानाची कंपनी ती एअरलाइन. तारेतून संदेश जाऊ लागला तेव्हा तारही लाइन झाली. ट्रंक कॉलच्या काळात ‘लाइन मिळत नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकले त्यांना ते विसरता येणार नाही. १९६३ साली मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान ‘हॉटलाइन’ बसली. सिनेमात तिथे लाल टेलिफोन दाखवतात. प्रत्यक्षात ते सुरुवातीला टाइप केलेले संदेश पाठवणारे यंत्र होते.

चौथी गोष्ट, धागा तुटत नाही तोवर चालू राहतो. आजोबा, बाप, मुलगा, नातू असा चालत राहणारा वंश म्हणजे लाइन, त्यावरून लिनिएज. माणूस जो धंदा धरून चालतो ती त्याची लाइन. ‘तुमची लाइन कोणती?’ याचा अर्थ तुमचा व्यवसाय कोणता. आपणही अगदी याच अर्थाने म्हणतो, ‘त्याची लाइनच वेगळी आहे.’

आणि एक अर्थ मूळच्या जवसाच्या कापडाला अजून चिकटून राहिला आहे. कोटाला आतून लिननचा पदर लावायचा, त्या क्रियेलाही ‘लाइन’ म्हणत. त्यावरून लायनिंग, म्हणजे अस्तर. खिशाला अस्तर लावणे म्हणजे इंग्रजीत लाच खाऊन खिसा भरणे. काळ्या ढगाच्या ‘सिल्व्हर लायनिंग’ची कल्पना मिल्टनच्या १६३४ साली रंगमंचावर आलेल्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात आहे. मराठीत तिची ‘रुपेरी कडा’ झाली. शब्दशः पाहिले तर ते ढगाचे रुपेरी अस्तर आहे. पण आपल्याला लुगड्याच्या आणि धोतराच्या काठाची सवय. अस्तराच्या जागी आपण कडा पाहिली. भाषांतरात अशी माणसाची राहणी डोकावते.

धाग्यापासून शास्त्रापर्यंतचा हा प्रवास फक्त इंग्रजीनेच केला असे मात्र समजू नका. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे धागाच. तोच धागा मंगळसूत्रात गळ्यात आला, पाणिनीच्या सूत्रांत व्याकरण झाला, गणितात नियम झाला, नाटकात सूत्रधाराच्या हाती गेला, आणि आता मंत्री खात्याची सूत्रे हाती घेतात, संमेलनाचे सूत्रसंचालन होते. ‘सूत्र’ शब्दाचे इतके अर्थ आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाहीत, तरी आपण त्यांत चुकत नाही. कारण धागा आपल्या हातात आहे. इंग्रजी शब्दाचाही धागा हातात आला तर तीच सहजता येईल, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता मराठीने या पाहुण्याचे काय केले ते पाहा. आपल्याकडे रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी असे एकेका अर्थाला एकेक शब्द होते. तरी लाइन आली आणि राहिली. तिचे लिंगही ठरले. रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी सगळ्या स्त्रीलिंगी, तेव्हा लाइनही त्यांच्यात बहिणीसारखी बसली : ती लाइन, त्या लायनी, लाइनीत उभे राहा. ही विभक्ती आपली आहे. मग तिला आपल्या मातीतले अर्थ फुटले. बिघडलेला मुलगा ‘लाइनीवर’ येतो. शेतावर वीज जाते तेव्हा ‘लाइन गेली’ म्हणतात आणि लाइनमनची वाट पाहतात. एकेरी रेल्वेमार्गावर पुढच्या स्टेशनाची परवानगी मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही, त्या परवानगीचे नाव ‘लाइन क्लिअर’; ते रुळांवरून उतरून आपल्या बोलण्यात आले आणि साहेब कचेरीतून बाहेर पडताच कारकून एकमेकांना ‘लाइन क्लिअर’ सांगू लागले. राहता राहिली कॉलेजातली ‘लाइन मारणे’. तिचा अर्थ या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एवढेच सांगतो, की इंग्रज माणसाला हा अर्थ कळणार नाही. तो सर्वस्वी आपला आहे.

क्रिकेटची ‘लाइन अँड लेंग्थ’ मात्र मराठी समालोचकांनी ‘दिशा आणि टप्पा’ अशी केली. तिथे लाइनची रेघ केली असती तर सगळाच घोटाळा झाला असता.

लिपीतही एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरे रेघेवर बसतात, आपली अक्षरे रेघेला लोंबतात. मोडी लिहिणारे कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. म्हणून लहानपणी मराठीसाठी दुरेघी वही आणि इंग्रजीसाठी चाररेघी वही वेगळी घ्यावी लागे. त्या चार रेघांत अक्षर कुठे वर जाते आणि कुठे खाली उतरते हे सांभाळताना ज्यांच्या बोटांवर पट्टी बसली, त्यांना इंग्रजीची पहिली भीती रेघांनीच घातली.

आतापर्यंत सांगितलेल्या लायनी बहुतेक जोडणाऱ्या होत्या. पण धागा जसा जोडतो तशी आखलेली रेघ तोडते. या शब्दाचा हा दुसरा स्वभाव कळल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही.

‘डेडलाइन’ हा शब्द घ्या. निबंध देण्याची शेवटची तारीख म्हणून तो आपण हसत वापरतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तिचे नाव ‘डेडलाइन’, शब्दशः मरणरेषा. त्या तळाचा प्रमुख हेन्री विर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. शब्द मात्र जगला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेला चिकटला.

नकाशावरच्या लायनींना माणसांची नावे असतात. ड्युरंड लाइन १८९३ची, मॅकमहोन लाइन १९१४ची. सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज वकील ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल यांच्या मधून त्यांनी आखलेली लाइन १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याचा जल्लोष होऊन गेल्यावर, प्रसिद्ध झाली. आपले गाव कोणत्या देशात आहे हे लाखो लोकांना त्या दिवशी कळले. सिंध तर सगळाच पलीकडे गेला होता. तिथून आलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. काश्मीरमधील युद्धबंदी रेषेच्या जागी १९७२च्या सिमला करारानंतर ‘लाइन ऑफ कंट्रोल’ आली. वर्तमानपत्रात आपण तिला नियंत्रण रेषा म्हणतो. दोन अक्षरी ‘रेषा’ हा शब्द वाचायला किती हलका वाटतो!

अशीच एक लाइन जमिनीवर दिसत नाही, नकाशावरही दिसत नाही, पण आपल्या वर्गातून जाते. ती दारिद्र्यरेषा. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा आहार परवडतो की नाही, यावरून त्यांनी ही रेषा आखली : १९६०-६१च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये. पुढे वेगवेगळ्या समित्यांनी ही रेषा वर-खाली केली. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने मोजण्याची रीतच बदलली. प्रत्येक वेळी रेघ हलली की कोट्यवधी माणसे कागदावर अलीकडची पलीकडे होतात. त्यांच्या चुलीवरचे भांडे मात्र तेच असते. महाराष्ट्रात १९९९ पासून या रेषेखालच्या कुटुंबाला पिवळी शिधापत्रिका मिळू लागली. ‘बिलो पॉव्हर्टी लाइन’ या तीन शब्दांत एकही अवघड शब्द नाही. पण प्रवेशअर्जावर तो चौकोन भरताना ज्याचा हात क्षणभर थांबतो, त्याला ‘लाइन’चा एक अर्थ असा ठाऊक असतो, जो कोशात मिळणार नाही.

२०२० साली टाळेबंदीत कॉलेज बंद झाले आणि शिक्षण ‘ऑनलाइन’ गेले. गमतीची गोष्ट अशी, की त्या मोबाइलला लाइन म्हणजे तार नव्हतीच. तरीही जोडलेला कोण आणि तुटलेला कोण हे त्याच शब्दाने ठरले. कोणी टेकडीवर, कोणी गच्चीवर रेंज शोधत तास ऐकला. ज्यांच्या घरी मोबाइलच नव्हता ते हजेरीपटावर नुसते नावापुरते उरले. जोडणारा धागा आणि तोडणारी रेघ हे दोन्ही अर्थ एका शब्दात त्या वर्षी एकत्र आले.

आता थोडे व्यवहाराचे. असा शब्द समोर आला तर काय करावे? पहिले, कोशातल्या नोंदीचा पहिलाच अर्थ उचलून कोश मिटू नये. नोंद शेवटपर्यंत वाचावी. दुसरे, शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे. ‘इन लाइन’ म्हणजे रांगेत किंवा धोरणाला धरून, ‘आउट ऑफ लाइन’ म्हणजे मर्यादा सोडून, ‘डाउन द लाइन’ म्हणजे पुढे कधीतरी. एक छोटे अव्यय अर्थाची दिशा बदलते. तिसरे, व्युत्पत्ती अवश्य पाहावी. ती विद्वानांची चैन नव्हे, स्मरणशक्तीची सोय आहे. आणि चौथे, मराठी प्रतिशब्द एकच शोधू नये. जिथे दोरी हवी तिथे दोरी, जिथे वंश हवा तिथे वंश. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दहा शब्द वापरावे लागतात हा आपल्या भाषेचा अडाणीपणा नव्हे. अर्थांतला फरक तिने नावे देऊन जपून ठेवला आहे.

म्हणून त्या वहीतली मधली उभी रेघ पुसू नका, पण उजवीकडची जागा थोडी मोठी ठेवा. सराव म्हणून एक शब्द देतो. तो रोज तुमच्या तोंडी असतो : ‘पास’. बसचा पास, नाटकाचा फुकट पास, डोंगरातला पास म्हणजे खिंड, चेंडूचा पास, वेळ पास करणे आणि परीक्षेत पास होणे. या सगळ्यांना बांधणारा धागा कोणता, ते कोशातून काढा. शोधायला सोपे जावे म्हणून एवढेच सांगतो, की त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पाऊल’ असा होतो.